सांगलीत कुपवाड एमआयडीसीजवळ फ्लॅट बघतोय, कारखान्यात स्फोट झाला तर भाव पडतो का?

पडतो, पण लगेच दिसत नाही. आधी गिऱ्हाईकच येईनासं होतं, मालक भाव सोडत नाही, मग फ्लॅट तसाच पडून राहतो आणि रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारी दरपत्रकावर, बघितलं तर काहीच झालं नाही असं वाटतं. भाडेकरू मात्र पटकन हलतात, त्यामुळं खरी भीती किती बसलीय ते आधी भाड्यातच कळतं.

डोंबिवली एमआयडीसीत मे 2016 ला स्फोट झाला आणि परत मे 2024 ला, दोन्ही वेळी लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. एकदा झालं तर लोक विसरतात हो, दुसऱ्यांदा झालं की त्या भागाचं नावच खराब होतं.

आपल्या सांगलीत उलटं पण एक आहे, 2019 च्या पुरापासून लोक नदीपासून लांब, उंचावरची जागा शोधतात, म्हणून कुपवाडकडं मागणी टिकून राहते. तरी घ्यायच्या आधी शेजारचा कारखाना काय बनवतो ते स्वतः जाऊन विचारा. फाउंड्री (धातू ओतायचा कारखाना) असेल तर धूळ आणि आवाजाचा त्रास, पण केमिकलचा रिॲक्टर (रसायनांची प्रक्रिया होते ते मोठं बंद भांडं) असेल तर स्वस्त मिळतोय म्हणून अजिबात घेऊ नका, घरात लहान मुलं असतील तर नाहीच.