अटलांटिक ओलांडायच्या आधी किराणा कुठे भरायचा?

प्रश्न : मी आणि नवरा रॉटरडॅमला असतो. दोन डच मित्रांबरोबर त्यांच्या ३८ फुटी शिडाच्या बोटीनं या हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून बार्बाडोसला जायचं ठरलंय. बोट सध्या कॅनरी बेटांवर लान्झारोतेला आहे. मरीनाचं, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्याचं, भाडं भरायचं नाही, कुठेतरी नांगर टाकून राहायचं आणि तिथूनच सामान भरायचं असा विचार आहे. एक मित्र म्हणतो कॅनरीतल्याच ग्रान कानारिया बेटावरचं लास पाल्मास, दुसरा म्हणतो थेट दक्षिणेकडच्या केप व्हर्दे या बेटांच्या देशातलं मिंडेलो. किराण्याचं खातं माझ्याकडे आलंय आणि मी शाकाहारी आहे. कुठे थांबावं?

उत्तर : दोन्हीकडे थांबा. फक्त खरेदीची वाटणी नीट करा, म्हणजे कोरडं आणि टिकाऊ सगळं लास पाल्मासला, ताजं मिंडेलोला. लास पाल्मासहून मिंडेलो साधारण साडेआठशे सागरी मैल, म्हणजे सहा-सात दिवस, आणि तिथून बार्बाडोस दोन हजारांच्या आसपास. सगळी भाजी लास पाल्मासलाच घेतलीत तर मोठा टप्पा सुरू व्हायच्या आधीच ती निम्मी झालेली असेल.

लास पाल्मासला नांगरायची जागा मोठ्या बंदराच्या आतच आहे, मरीनाला लागून उत्तरेला, आल्काराव्हानेरास बीचसमोर. पोर्टकडे किंवा मरीनाच्या ऑफिसात आधी विचारून परवानगीचं काय ते बघा, न विचारता नांगर टाकू नका. ही जागा मला सोयीची वाटते ती डिंगीमुळे, म्हणजे बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीमुळे. माणसं दुकान किती जवळ आहे ते विचारतात, पण खरं विचारायला हवं ते हे की भरलेली डिंगी कोरडी बोटीपर्यंत येईल का, आणि तुम्ही बाजारात असताना मागे नांगर धरून राहील का. इथे पाणी बऱ्यापैकी शांत असतं, आणि मेसा इ लोपेस रस्त्यावर चालत गेलं की मोठी दुकानं आहेत, जवळच काय्ये गालिसियावर मेर्कादो सेंत्राल, म्हणजे शहराची मंडई. मोठी खरेदी असेल तर सुपरमार्केटवाले मरीनापर्यंत माल पोचवतात, धक्का कुठला ते आधी बोलून घ्या.

आणि तुमच्यासाठी खास गोष्ट, या शहरात सिंधी व्यापारी शंभराहून जास्त वर्षं स्थायिक आहेत, त्यामुळे तूरडाळ, मूगडाळ, हिंग, कणीक शोधायला अवघड जात नाही. पोहे, भाजणी, मेतकूट मात्र घरूनच न्या. प्रेशर कुकर आणि भिजवलेली कडधान्यं असली की बोटीवर गॅसही वाचतो आणि पाणीही, आणि मोड आलेले मूग तिसऱ्या आठवड्यातही ताजी भाजी देतात, हे तुमच्या डच मित्रांना लवकरच आवडायला लागेल.

तारखांचं बघा. एआरसी (अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स) नावाची शिडाच्या बोटींची मोठी रॅली १९८६ पासून दर नोव्हेंबरात इथूनच निघते, हल्ली ती कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला जाते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात मरीना त्यांच्या बोटींनी भरलेला असतो आणि बाहेरच्या जागेतही गर्दी होते. रॅली निघून गेली की सगळं मोकळं होतं. तुम्हाला घाई नसेल तर तेव्हाच या, कारण व्यापारी वारे नीट बसायला डिसेंबर उजाडतोच आणि चक्रीवादळांचा हंगामही ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात.

मिंडेलोचं बंदर, पोर्तो ग्रांदे, म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीचं तोंड, जागा भरपूर आणि लाटांपासून आडोसा चांगला. पण वारा डोंगरावरून झोताझोतानं खाली येतो. साखळी सढळ हातानं सोडा, नांगर इंजिन रिव्हर्स घालून ओढून बघा आणि पहिल्या दिवशी एकजण बोटीवरच राहू द्या. खाडीत बुडालेली जहाजंही आहेत, चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, बघून जागा निवडा. आल्यावर आधी इमिग्रेशन आणि सागरी पोलिसांची कागदपत्रं, मग बाजार. डिंगी मरीनाला पैसे देऊन बांधावी असं माझं मत, तेवढा खर्च करा.

मिंडेलो ज्या बेटावर आहे ते साओ व्हिसेंते कोरडं आहे, तिथे फारसं पिकत नाही, पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं. भाजी समोरच्या सांतो आंताँव बेटावरून फेरीनं येते, पपई, केळी, रताळी, कसावा. रुआ द लिझ्बोआवरच्या मंडईत सकाळी लवकर जा. तिथल्या लोकांच्या काशूपा या रोजच्या जेवणात मका आणि घेवड्यासारख्या बिया असतात, त्या सुट्या मिळतात, बकरीचं चीजही. बाहेरून आलेला डबाबंद माल महाग पडतो, म्हणून तो आधीच भरायचा.

प्रमाणाचं सांगते. मिंडेलोनंतर पंधरा-सोळा दिवस लागतील, सामान दीडपट धरा, म्हणजे चोवीस दिवस. पिण्या-रांधण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर धरलं तर चौघांना २८८ लिटर, आणि त्यातलं काही वेगळ्या जेरीकॅनमधे हवंच, एकच टाकी खराब झाली तर पंचाईत नको.

अंडी चालत असतील तर कधीच फ्रिजमधे न गेलेली घ्या आणि दर दोन दिवसांनी उलटी करा. टोमॅटो हिरवे घेऊन एकेक कागदात गुंडाळा. केळ्यांचा घड बाकीच्या फळांपासून लांब टांगा, नाहीतर सगळंच एकदम पिकतं. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांत. कोबी सगळ्यात जास्त टिकतो, पानं बाहेरून एकेक काढत जा, सुरीनं मधोमध कापू नका. पुठ्ठ्याची खोकी मात्र धक्क्यावरच सोडा, एकही बोटीत जाऊ देऊ नका, पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि समुद्रावर त्यांच्यावर उपाय नाही. खोक्यांतून माल काढायचं हे काम संध्याकाळी दमल्यावर कोणालाच करावंसं वाटत नाही, म्हणून माल दुपारच्या आत मागवा.