मित्र दरीत घसरला, आम्ही खाली उतरलो नाही. आमचं चुकलं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तुम्ही पाचजण घाटवाट उतरत होतात. एकजण चाळीसेक फूट घसरून खालच्या पदरात (उतारावरच्या सपाट टप्प्यात) झाडाला अडकला. पाय मोडला होता, पण शुद्धीवर होता, ओ देत होता. तुमच्यातला एक दोर नसताना खाली निघाला, त्याला तुम्ही अडवलंत. मग चौघंही रेंज शोधायला पठारावर गेलात. संध्याकाळी गावकऱ्यांनी त्याला झोळीतून काढलं. आता तो म्हणतो, "तुम्ही मला टाकून गेलात."

सह्याद्रीतल्या अशा प्रसंगांत मदतीला जाणाऱ्यांपैकी मी एक. माझ्या मते न उतरण्याचा निर्णय बरोबर होता. चौघांनी मिळून निघून जायला नको होतं.

आधी उतरण्याचं बोलू. आपल्याकडे कातळावर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्याअखेर गवताला धरलं की मुळासकट हातात येतं. कारवीच्या झुडपाचा आधार बरा वाटतो, पण ती एकदा फुलून गेली की वाळते, आणि वाळलेली काठी भार आला की कडकन मोडते. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावरून, खाली जाणं सोपं, तिथूनच परत चढणं बऱ्याचदा अशक्य. शिवाय एक गोष्ट वरच्यांच्या लक्षातच येत नाही: उतरणाऱ्याच्या पायाखालून सुटलेले दगड थेट खालच्या जखमीवर जातात. त्याला वाचवायला निघालेलाच त्याचं डोकं फोडू शकतो.

मी स्वतःला दोनच प्रश्न विचारतो. खाली पोचून मी नेमकं काय करणार? आणि कुणाच्या मदतीशिवाय परत वर येईन का? पाय मोडलेल्या माणसाला एकट्यानं उचलून कड्यावरून आणता येत नाही, म्हणजे पहिल्याच प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं. भळाभळा रक्त वाहत असतं तर हिशेब बदलला असता. तिथे जखम दाबून धरायला काही मिनिटंच हातात असतात, आणि दोर व तो वापरता येणारा माणूस असेल तर मी उतरण्याच्या बाजूनं असतो. मोडलेला पाय दुखतो खूप, पण काही तास थांबू शकतो.

आता टाकून जाण्याबद्दल. 2006 च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, सुमारे 8,600 मीटरवर, लिंकन हॉल हा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक सकाळी जिवंत सापडला. आदल्या संध्याकाळी तो मेला असं समजून त्याचे सोबती खाली गेले होते. डॅन मेझर या अमेरिकन गिर्यारोहकाच्या चौघांच्या तुकडीला तो दिसला तेव्हा शिखर जवळ होतं, हवाही चांगली होती. त्यांनी शिखर सोडलं. पण त्याला खांद्यावर घेऊन उतरायच्या फंदात ते पडले नाहीत. त्या उंचीवर ते शक्यही नव्हतं. ऑक्सिजन, पाणी, खाणं दिलं, रेडिओवरून कळवलं आणि त्याच्या मोहिमेचे शेर्पा येईपर्यंत जवळ थांबले. हॉल वाचला. त्याच वाटेवर जेमतेम अकरा दिवस आधी डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक मरत असताना कित्येकजण शेजारून पुढे गेले होते. त्यांच्यावर तेव्हा फार टीका झाली. त्यातल्या प्रत्येकाला दोषी धरायला मी तयार नाही, कारण शार्पला आधार देऊनही उभं राहता येत नव्हतं. तरी मेझरच्या लोकांनी केलं ते तुमच्या कामाचं आहे.

तुमच्याकडे चौघं होते. दोघांनी मदतीला जायचं, दोघांनी कड्याच्या काठापासून जरा मागे, पण त्याला आवाज जाईल असं बसायचं. चढाईचा दोर नव्हता तरी साधी रस्सी किंवा ओढण्या बांधून पाणी, खाऊ आणि कोरडं जाकीट खाली सोडता आलं असतं. भिजलेल्या माणसाला वारा लागला की आपल्या डोंगरांतही थंडी जीवघेणी ठरते. मोबाईलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, म्हणून निघण्याआधी त्या जागेचे आकडे लिहून घ्यायचे. फोन लागत नाही तिथे कधीकधी एसएमएस जातो. रेंज मिळाल्यावर 112 या आपत्कालीन नंबरवर फोन. गावात मात्र आकडे सांगून उपयोग नाही, तिथे नाळेचं (डोंगरातल्या त्या घळीचं) नाव सांगा. गुराखी बरोबर जागी नेतात. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

मित्राचा राग मला वाटतं वरून येणारा आवाज बंद झाला त्याचा आहे. मोडलेला पाय घेऊन एकट्यानं ओरडत राहायचं आणि वरून ओ नाही, ही वेळ फार वाईट. त्यामुळे दोर नव्हता वगैरे समजावत बसू नका. तेवढ्या वेळाबद्दल बोला, आणि माफी मागायची तर त्या वेळेबद्दलच मागा.

खाली निघालेल्या त्या दुसऱ्या मित्राला मात्र ओरडू नका. त्याला दोरकाम शिकू द्या. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शोध आणि बचावाचाही कोर्स असतो, त्याआधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करावा लागतो. असा माणूस शिकून आला तर तुमच्या ग्रुपला हवाच आहे.