वाचकांचे प्रश्न : वसंतातली रानफुले आणि स्वयंपाक

प्रश्न : फिरायला जातो त्या टेकडीवर एका झाडाला सध्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचे घोस लागले आहेत. मोबाइलवरच्या ॲपने झाडाचे नाव रॉबिनिया असे दाखवले आणि त्याची फुले पिठात बुडवून तळतात असेही वाचनात आले. तोडून आणावीत का?

उत्तर : केवळ ॲपच्या भरवशावर आणू नयेत. रॉबिनियाची फुले खातात हे खरे असले, तरी त्याच झाडाची साल, पाने आणि बिया विषारी असतात, आणि रॉबिनियाशी साम्य असलेल्या काही वनस्पती त्याहून घातक आहेत. म्हणून फुलाआधी झाड पाहावे. रॉबिनियाच्या पानाला मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना लंबगोल पर्णिका, म्हणजे छोटी उपपाने, असतात आणि टोकाला एकच पर्णिका असते. कोवळ्या फांदीवर, पान जिथे फुटते तिथे, बहुधा काट्यांची जोडी सापडते. घोस खाली लोंबतात आणि प्रत्येक फुलाचा आकार वाटाण्याच्या फुलासारखा असतो. लॅबर्नमचे घोसही असेच लोंबतात, परंतु त्याची फुले पिवळी असून पानाला तीनच पर्णिका असतात. त्या झाडाचा कुठलाही भाग तोंडात घालण्याजोगा नाही. पांढऱ्या फुलांची विस्टेरिया मात्र फसवू शकते, कारण तिची पानेही बरीचशी रॉबिनियासारखी दिसतात. ती वेल आहे आणि तिला काटे नसतात, एवढे पाहिले की सहसा उलगडा होतो. यांपैकी एखादी जरी खूण जुळली नाही, तरी घोस झाडावरच राहू द्यावा. शक्य असल्यास वनस्पतींच्या जाणकाराला पाने, काटे आणि फुले असलेली संपूर्ण डहाळी दाखवावी. माझ्या मते पहिल्या वेळेस तरी याला पर्याय नाही.

ओळख पक्की झाल्यावर कोरड्या दिवशी सकाळी, दव उडून गेल्यावर, अर्धवट उमललेले घोस तोडावेत. रहदारीच्या रस्त्यालगतची आणि औषधफवारणी झालेली झाडे वगळावीत. घरी आणल्यावर घोस कागदावर उलटे ठेवले म्हणजे आतले किडे आपोआप बाहेर पडतात. तळण्यासाठी १०० ग्रॅम मैद्यात साधारण १५० मिलिलिटर गार पाणी घालून पीठ पातळच भिजवावे. बुडवून काढलेल्या घोसातली फुले पिठातून वेगवेगळी दिसायला हवीत. देठाला धरून जादा पीठ झटकावे आणि गरम तेलात मिनिट-दोन मिनिटांत काढावे. खाताना फुले तेवढी ओढून घ्यावीत, देठ ताटातच ठेवावा. पहिल्यांदा दोन-चार फुलेच खाऊन एक दिवस थांबावे. ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे, त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

प्रश्न : सुवासिक व्हायोलेटच्या पाकळ्यांचे सरबत निळे-जांभळे झाले होते, लिंबू पिळताच ते गुलाबी झाले. बिघडले का?

उत्तर : मुळीच नाही. या पाकळ्यांतले ॲन्थोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लालसर आणि अल्कलीत हिरवे होते. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या रंगांविषयीच्या प्रयोगांत याच फुलांचा पाक आम्ल आणि अल्कली ओळखण्यासाठी वापरला होता, म्हणजे तुमचा पेला एका जुन्या प्रयोगशाळेतलाच समजा. निळा रंग टिकवायचा असेल, तर लिंबू अगदी पिण्याच्या वेळीच पिळावे. पाकळ्या उकळू नयेत. त्यांवर कढत पाणी ओतून भांडे रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी गाळून घ्यावे आणि अर्काच्या वजनाइतकी साखर मंद आचेवर त्यात विरघळवावी. सुगंध मध्येच नाहीसा झाल्यासारखा वाटला, तरी अधिक पाकळ्या घालण्याची घाई करू नये. या वासातले आयोनोन नावाचे घटक काही काळ आपले नाकच बधिर करतात. थोड्या वेळाने तोच वास पुन्हा येऊ लागतो.

प्रश्न : डँडेलियनच्या फुलांचा पाक कडू का होतो?

उत्तर : बहुधा हिरवा भाग आत गेला असावा. फूल डाव्या हातात तळाशी चिमटीत धरावे आणि उजव्या हाताने पिवळ्या पाकळ्यांचा झुपका मुरगळून उपटावा. खालची हिरवी वाटी आणि चिकाचा देठ हातातच राहतो. काम किचकट आहे, वाटीभर पाकळ्यांना बराच वेळ लागतो, आणि तोडलेली फुले मिटू लागतात, म्हणून आणल्याबरोबर बसावे. कांचनाच्या कळ्यांचे तसे नाही. तिथे कडवटपणा कळीतच असतो, त्यामुळे त्या आधी उकडून, पाणी टाकून देऊन, मगच फोडणीला घालाव्यात.

प्रश्न : एल्डर या झुडपाची फुले धुवावीत का?

उत्तर : धुऊ नयेत, नुसती हलकेच झटकावीत. त्यांचा बराचसा सुगंध परागात असतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. जाड देठ मात्र कात्रीने काढून टाकावेत. एल्डरच्या देठांत आणि पानांत सायनाइड सुटणारे द्रव्य असते.