लॉकगेटचा (जहाजं वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कुंडाच्या दरवाज्याचा) कंट्रोलर टूलने जनरेट करतोयस? आधी सेन्सर नीट लिही
अरे टूलची घाई नको करूस, सीआयएफ (मॉडेल आणि अटी दिल्या की कंट्रोलर बनवून देणारं टूल) येईल हाताला, खरं काम मॉडेलचंच आहे, म्हणजे गेट आणि सेन्सर कसे वागतात ते लिहिण्याचं. नेदरलँड्समध्ये जहाजांचे लॉक, उघडते पूल यांच्यावर हे करून बघितलंय, तू पण एकच गेट घेऊन सुरुवात कर. यामागची रॅमेज-वॉनहॅम या संशोधकांची १९८७ ची थिअरी म्हणते, काही घटना आपण अडवू शकतो (कंट्रोलेबल), काही नाही: गेट उघडायची कमांड आपल्या हातात पण दोन्हीकडचं पाणी सारखं झालं हे सेन्सर सांगणार, ते आपण अडवू शकत नाही. मी सुरुवातीला सेन्सरच कंट्रोलेबल लिहिला, सुपरवायझर (टूलने बनवलेला कंट्रोलर) छान तयार झाला, पण त्याने सेन्सरचा सिग्नलच अडवला होता, प्रत्यक्षात तो कोण अडवणार? आणि सुपरवायझर रिकामा आला, म्हणजे सगळ्या अटी पाळणारा कंट्रोलर टूलला सापडलाच नाही, तर वैतागू नकोस, अटी एकेक काढून बघ, दोन एकमेकींशी भांडत असतात. जी अट लिहायला विसरलास ती टूल स्वतःहून पाळणार नाही, म्हणून गेटवर काम करणाऱ्या ऑपरेटरला आधी भेट.