राखी वटवट्या रेन आहे का, आणि रेनच्या जाती नक्की किती?

आपल्या पक्षिगटातल्या लातूरच्या एका सदस्याने दोन प्रश्न विचारलेत. जुन्या पक्षिपुस्तकात राखी वटवट्याला ‘अ‍ॅशी रेन-वार्बलर’ म्हटलंय, तर तो दक्षिण अमेरिकेतल्या रेन पक्ष्यांचा भाऊबंद आहे का? आणि रेनच्या जातींचा आकडा यादीगणिक वेगळा का?

भाऊबंद नाही. आपल्याकडं तुरीच्या-ज्वारीच्या रानात शेपटी उभारून ओरडणारा वटवट्या सिस्टिकोलिडी कुळातला. रेनचं कूळ ट्रोग्लोडायटिडी, आणि ते जवळपास सगळं उत्तर-दक्षिण अमेरिकेतलं. अमेरिकेबाहेर पसरलेली जात एकच, युरेशियन रेन. ती भारतात हिमालयात भेटते, मराठवाड्यात नाही. एवढीशी कुडी, उभी शेपटी, झुडपात दडून फिरणं, एवढ्या साम्यावर ते जुनं नाव पडलं.

दिसण्यावरून तिकडंही गफलत झालीच. दक्षिण अमेरिकेतल्या दलदलीत राहणारा डोनॅकोबियस हा पक्षी आधी मॉकिंगबर्डच्या कुळात, मग रेनमध्ये धरला गेला. डीएनए तपासल्यावर त्याला स्वतंत्र कूळ द्यावं लागलं. नात्याने तो रेनपेक्षा आपल्या वटवट्याच्या जास्त जवळचा निघाला! वर्गीकरण कोरडं वाटतं त्यांनी हे एक उदाहरण नीट वाचावं.

आता आकडा. उष्ण कटिबंधातल्या रेनचा मोठा गट पूर्वी थ्रायोथोरस या एकाच प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) होता. 2006 च्या डीएनए अभ्यासाने ती मोट सुटली. थ्रायोथोरसमध्ये उत्तरेकडचा कॅरोलिना रेन तेवढा राहिला. बाकीचे फ्यूगोपेडियस, थ्रायोफिलस आणि कँटॉर्किलसमध्ये गेले. यात जातींची संख्या नाही वाढली, नावं बदलली. संख्या वाढली ती हाउस रेनमुळे. 2024 मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्र संस्थेने त्याच्या सात जाती केल्या: उत्तरेचा, दक्षिणेचा, आणि कोझुमेल, सेंट लुसिया, ग्रेनाडा वगैरे कॅरिबियन बेटांवरचे पाच. तुमची यादी त्याआधीची असेल तर सहा तिथंच कमी पडतील.

खऱ्या नव्या जातीही सापडतात. कोलंबियाच्या पश्चिम अँडीजमध्ये उंचावरच्या ओल्या जंगलातला मुंचिके वुड-रेन 2003 मध्ये नोंदला गेला. खालच्या उतारावर त्याच्यासारखाच करड्या छातीचा वुड-रेन आहे, पण गाणं निराळं. 2012 मध्ये काउका नदीच्या खोऱ्यातून अँटिओकिया रेन पुढे आला, तोही कोरड्या झुडपी जंगलातून. अशा रानाला ‘पडीक’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही, तिथंही नाही आणि आपल्याकडंही नाही.

रेनची सगळ्यात मोठी श्रीमंती मात्र गाण्यात. इक्वाडोरच्या अँडीजमधल्या प्लेन-टेल्ड रेनची जोडी बांबूच्या जाळीत आळीपाळीनं इतक्या झपाट्यानं सूर टाकते, की एकच पक्षी गातोय असं वाटावं. 2011 च्या संशोधनात दिसलं, की नर-मादी दोघांच्याही मेंदूतल्या पेशी स्वतःच्या ओळींपेक्षा पूर्ण जुगलबंदीला जास्त जोरात प्रतिसाद देतात.

म्हणून रेनची संख्या लिहिताना यादीचं नाव आणि वर्ष सोबत लिहा. आणि नायगाव, गौताळा अभयारण्यात किंवा बांधावर वटवट्या दिसला तर गटावर फोटोसोबत आवाजही टाका. साधा, राखी आणि जंगली वटवट्या पानांआड नीट दिसत नाहीत, तेव्हा ओळख आवाजावरच पक्की होते.