मेकॅनिकल केलेल्याला एरोस्पेसमध्ये पीएचडी करता येते का? प्रत्यक्षात ते काम कसं असतं?

येते. मीही कोल्हापुरातून मेकॅनिकलच केलं. दीड वर्ष चाकणला नोकरी केली, गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा दिली आणि बंगळुरात एम.टेक.ला लागलो. गेटला एरोस्पेसचा वेगळा पेपर असतो, पण मेकॅनिकलचाही बऱ्याच ठिकाणी चालतो. स्कोअर तीन वर्षं वापरता येतो, तेव्हा घाई नको. एम.टेक.ला महिना १२,४०० मिळतात. पीएचडीला सध्या पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,०००. चाकणच्या मित्रांचा पगार विचारला नाही की भागतं.

इथवरचा भाग परीक्षांचा, तो तुम्हाला जमेलच. खरी गंमत पुढे आहे.

माझं काम शॉक टनेलवर होतं, म्हणजे क्षणभर अतिवेगवान हवा सोडणाऱ्या यंत्रावर. लांबलचक नळी, एका बाजूला दाबून भरलेला हेलियम, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये अॅल्युमिनियमचा पडदा. पडद्यावर फुलीसारख्या खाचा पाडलेल्या असतात. दाब वाढत गेला की धाडकन फुटतो आणि चार पाकळ्या उघडतात. मग चाचणीसाठी आत ठेवलेल्या मॉडेलवरून ध्वनीच्या सहा-सात पट वेगाने हवा जाते, ती साधारण एक मिलिसेकंद. त्यासाठी अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम ओढत बसायचं. मी दोनेकशे शॉट मारले असतील. म्हणजे माझी सगळी पीएचडी मिळून ०.२ सेकंदांची. (लग्नकार्यात 'रॉकेट सोडलंस का?' विचारणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.)

तिसऱ्या वर्षी आकडे बिघडले. हवेचा तोच दाब, तेच मॉडेल, पण उष्णतेचं माप दर आठवड्याला थोडं चढंच. मी सेन्सर बदलले, वायरिंग पुन्हा केलं, प्रोग्रॅम तपासला. सरांकडे गेलो तर ते म्हणाले, "मलाही माहीत नाही, शोध." चार महिने गेले. दिवाळीत घरी आलो, तेव्हा उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या काकांना सहज सांगितलं. ते म्हणाले, "खाच कोण पाडतंय? कटर कधी बदललाय बघ की."

परत येऊन उरलेले पडदे डायल गेजखाली धरून खाचांची खोली मोजली. कटर झिजला होता, खाच उथळ होत चालली होती. उथळ खाचेचा पडदा उशिरा फुटतो, तोवर हेलियमचा दाब चढतो, नळीतून धावणारी दाबाची लाट, म्हणजे धक्कालहर, जोरकस होते आणि मॉडेल जास्त तापतं. त्यानंतरचा प्रत्येक पडदा मी स्वतः मोजून लावला. माझ्या पहिल्या शोधनिबंधात या खाचांवर दोनच ओळी आहेत.

म्हणून कॉलेजच्या वर्कशॉपचे तास बुडवू नका. आणि प्रवेशाच्या मुलाखतीआधी एक गोष्ट पक्की करा: ध्वनीपेक्षा जास्त वेगाची हवा रुंदावत्या नळीत आणखी वेग का घेते? मला हेच विचारलं होतं. मी फळ्यावर समीकरण लिहिलं. "ते दिसतंय, पण का?" असं विचारल्यावर खडू हातात धरून उभा राहिलो.