बहिणीच्या पेशी, भावाचं रक्त

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय ३४) अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) निघाला. तो अक्कलकोट रोडवर चादरीच्या कारखान्यात माल तपासायला होता. केमो झाली, मग पुण्यात बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट. पेशी माझ्या दिल्या. पंचविसाव्या दिवशी त्याच्या तळहातांवर आणि कानामागे लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या पेशी त्याच्या अंगाशी भांडताहेत. थोडं भांडण आम्हाला चालतं.” तेव्हापासून मला झोप नाही. माझ्यामुळेच त्याला त्रास होतोय का? प्रतिकारशक्ती वाढायला गुळवेलीचा काढा देऊ का? आणि आयआयटीची ती नवी पेशींची ट्रीटमेंट करायला हवी होती का?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, काढ्याचं पातेलं आधी गॅसवरून उतरवा. बाकीचं मग बोलू.

तुमच्या भावाची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हा आजार झाला, असं तुम्ही धरून चाललाय. गाडं तिथं अडलेलं नसतं. मी पस्तीस वर्षं रक्ताच्या काचा तपासल्या. या आजाराच्या पेशी मला ओळखू येतात: भलंमोठं केंद्रक, आणि कधीकधी आत सुईसारखी एक लाल काडी. पण मी काचेवर रंग घालून बघतो. टी-पेशी म्हणजे बिघडलेल्या पेशी हुडकून मारणारी पांढरी पेशी; तिच्याजवळ रंग कुठला? ती समोरच्या पेशीनं बाहेर मांडलेले प्रथिनांचे तुकडे चाचपते. ल्युकेमियाची पेशी आपल्याच हाडांतल्या मज्जेत (बोन मॅरोत) जन्मलेली, तिचे बहुतेक तुकडे घरचेच. म्हणून अंगात धडधाकट टी-पेशी असूनही ती सुटते.

तुमच्या भावाला हे लगेच पटेल. रोज एकाच मागाचा माल बघणाऱ्याच्या नजरेत त्या मागाची खोट बसून जाते. दुसऱ्या खात्यातला माणूस आला की पहिल्याच चादरीवर बोट ठेवतो. तुमच्या पेशी म्हणजे तो दुसऱ्या खात्यातला माणूस.

हे डॉक्टरांनाही हळूहळूच कळलं. सुरुवातीला त्यांची समजूत अशी की, जबर केमोनं मज्जा पार साफ होते आणि भावंडाच्या पेशी फक्त रिकामी जागा भरतात. पण जुळ्या, हुबेहूब भावाची मज्जा घेतलेल्यांत आजार जास्त वेळा उलटत होता. मग पुरळ, जुलाब टाळायला दात्याच्या मज्जेतून टी-पेशी गाळून पाहिल्या. पुरळ कमी झालं, आणि ल्युकेमिया परतायला लागला! म्हणजे निम्मं काम या भांडकुदळ पेशीच करत होत्या. पुढं जर्मनीत एका प्रकारच्या ल्युकेमियात, ट्रान्सप्लान्टनंतर आजार उलटल्यावर, दात्याच्या नुसत्या पांढऱ्या पेशी परत देऊन पाहिल्या. आजार मागं हटला. ते १९९० साल. मज्जारोपणाचे आद्य डॉक्टर डॉनल थॉमस यांना नोबेलही त्याच वर्षी मिळालं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्राची काही प्रथिनं असतात. बाईच्या टी-पेशींना ती परकी. तुम्हाला मुलगा असेल, तर गरोदरपणातच तुमच्या पेशींची त्यांच्याशी ओळख झालेली असू शकते. म्हणून बहिणीची मज्जा भावाला दिली की पुरळबिरळ जरा जास्त, पण आजार उलटण्याचं प्रमाण कमी, असं दिसतं. तेव्हा त्रास तुमच्या पेशींचा, हे खरं. त्यात तुमचा दोष काय?

मात्र हे भांडण हाताबाहेर गेलं तर आतडी आणि यकृत धरतं. त्यासाठीच सायक्लोस्पोरिनसारखी औषधं देऊन त्या पेशींना लगाम घातलेला असतो. आता गुळवेलीचं नाव घेतात ते प्रतिकारशक्ती चेतवायलाच. एकीकडं लगाम, दुसरीकडं चाबूक, हे कसं चालेल? उघड्यावरची शेंगाचटणीही सध्या नको, शेंगदाण्याला बुरशी धरते. पुरळ पसरलं, जुलाब लागले, डोळे पिवळे दिसले किंवा ताप आला, तर रात्र असली तरी पुण्याला फोन करा.

आयआयटीबद्दल. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मंडळींची नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवतात. ही खूण बी-पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर असते. भावाचा आजार मायलॉइड, म्हणजे मज्जेतल्या दुसऱ्या घराण्याच्या पेशींचा. त्या पेशींवर ती सहसा नसतेच. मग मायलॉइड पेशींची खूण का शिकवत नाहीत? कारण त्या खुणा मज्जेतल्या निरोगी पेशींवरही सापडतात. बी-पेशी गेल्या तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) देऊन निभावता येतं. सगळी मज्जाच गेली तर पंचाईत. तेव्हा तुमची संधी हुकली वगैरे काही नाही.

पुढच्या खेपेला कायमेरिझमचा रिपोर्ट मागून घ्या. भावाच्या रक्तात तुमच्या पेशी किती टक्के, ते त्यात असतं. तुमच्या पेशी नीट रुजल्या की त्याच्या रक्ताच्या गुणसूत्रांत एक्स-एक्स, म्हणजे बाईची जोडी दिसेल. छपाईची चूक समजून लॅबवाल्याशी भांडू नका.